वाडीवरचा निरोप

भाऊबीज होऊन पाच दिवस झाले, तरी वाडीवरून एकही विळा खाली उतरला नव्हता.

पदू रोज सकाळी माळावर जाऊन उभा राहायचा. कशेळ्याच्या अलीकडे, पेज नदीच्या काठच्या भातखाचरांपासून वर चढत गेलेली ती सगळी वरकस जमीन. गावातल्या चाळीस घरांचे तुकडे एकाला एक लागून होते, कुणाचा एकर, कुणाचे दोन. खाचरात भात पिकायचं आणि वरकसावर पावसाळाभर गवत वाढायचं. ते गवत पदू गोळा करायचा. कापून, साच्यात दाबून, तारेने गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे धाडायचा. चाळीस घरांनी आपलं गवत त्याच्या हवाली केलेलं असायचं, आणि कापायला वरच्या पळसाच्या वाडीतून तीस विळे यायचे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, न बोलावता. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

गवत आता पिवळं पडलं होतं. शेंड्याला हात लावला की दाणा गळायचा. आणखी दहा-बारा दिवसांत त्याची काडी झाली असती, आणि काडीला म्हैस तोंड लावत नाही.

कान्हाचा तुकडा माळाच्या तोंडालाच होता. बैल पाण्यावर नेता नेता तो थांबला.

"पदू, कवा लावतोस इळा? काडी झाल्यावर?"

"येतील रं. वरी झोडायची राहिली असंल त्यांची."

"वरी झोडून झाली. मागच्या बाजारात इकली बी." कान्हाने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "तू वर गेला व्हतास का? चंद्राबाई गेली त्याच्यावर?"

पदू गवताकडे बघत राहिला.

"जायाचंय," तो म्हणाला.

कान्हा बैल हाकत निघून गेला. त्याचं ते विचारणं पदूला दिवसभर पुरलं.

अकरा वर्षांपूर्वी पदू पहिल्यांदा वाडीवर चढला तेव्हा त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. आधीचा मुकादम वाडीच्या लोकांना हंगामाच्या मध्यावर उघड्या माळावर टाकून गेला होता. माणसं अंगणात उभी राहून नुसती बघत होती. चांगो त्यांचा म्होरक्या. तोही त्यांच्यातच उभा होता. तेवढ्यात चांगोची बायको चंद्राबाई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि पदूच्या पायाकडे बघू लागली. चढताना दगड लागून अंगठ्याचं नख निघालं होतं. तिने आत जाऊन हळद आणली, नखावर दाबली आणि नवऱ्याला म्हणाली, "आदीचा घोड्यावर बसून आला व्हता. यो अनवानी आलाय. याच्यासंगं जाऊन बघू."

तिच्या त्या शब्दावर तीस विळे खाली उतरले. कुठलं गवत आधी कापायचं, कुठलं मागे ठेवायचं, गाठीत ओल राहिली तर ती आतून कशी तापते, हे सगळं पदूला चांगोने शिकवलं. दुपारी माणसं जेवायला बसली की चंद्राबाई न विचारता त्याच्यापुढे नाचणीची भाकर टाकायची. दिवाळीला पदू गूळ, खोबरं आणि तिला एक लुगडं घेऊन वर जायचा. एक रात्र राहायचा.

मग तीन वर्षांपूर्वी हेमचंद्र शेठ भेटले. कर्जतला त्यांची वखार होती, जीप होती, मुंबईच्या निम्म्या तबेलेवाल्यांत उठबस होती. शेठ म्हणाले, "पदू, धंदा म्हणजे ओळख. चार माणसांत जा, तोंड दाखव, नमस्कार कर. तुझं काम कितीही चांगलं असो, तुला ओळखतंय कोण?"

पदूला ते पटलं. त्याने पांढरे सदरे शिवले. खिशात मावेल अशी वही घेतली आणि तिच्यात पत्ते उतरवून घेतले. तबेलेवाले, ट्रकवाले, नाक्यावरचा कारकून, भिसेगावातले दोन मास्तर ज्यांचे भाऊ मुंबईला होते. सत्तावीस पत्ते झाले. चांगोचं नाव त्यात नव्हतं. त्याचा पत्ता लिहून ठेवायची कधी गरजच पडली नव्हती.

मागच्या दिवाळीला गूळ-खोबरं त्याने दुसऱ्याच्या हाती वर धाडलं. यंदाच्या दिवाळीत त्याने नव्या भाताचे पोहे कांडून घेतले, पिशव्या भरल्या आणि त्या वहीतल्या माणसांच्या दारोदार पोचवल्या. वर काहीच गेलं नाही.

चंद्राबाई गेल्याचं त्याला भादव्यात कळलं, कशेळ्याच्या बाजारात. लाकडाची मोळी विकायला आलेल्या वाडीतल्या एका बाईने सांगितलं. श्रावणात गेली, तापाने. पदूला वाईट वाटलं. गणपती झाले की जाऊ, असं त्याने ठरवलं. गणपती झाले, तेव्हा शेठनी मुंबईला नेलं. मग पितृपंधरवडा आला. मग भातं कापायला आली. शकू, त्याची बायको, दोनदा म्हणाली, "मी आन् तुमची आय जाऊन येतो." तर तो म्हणाला, "एकदम जाऊ समदी. लुगडं-बिगडं घिऊन, नीट." जसजसे दिवस जात होते तसतसं जाणं अवघड होत होतं. आता जाऊन काय बोलायचं? इतके दिवस कुठं होतो म्हणून सांगायचं?

सहाव्या दिवशी तो वाडीची वाट सोडून कर्जतच्या गाडीत बसला.

वखारीच्या ओसरीवर बाक होता. शेठ आत जेवत होते. पदू बाकावर बसला. त्याच्या आधी दोघे बसले होते, ते आत जाऊन आले. त्याच्या मागून आलेला एक जण सरळ आत गेला आणि हसत बाहेर आला. उन्हाची तिरीप पदूच्या पायावरून सरकत भिंतीपर्यंत गेली. आतून शेठचा आवाज आला, "कोण? गवतवाला का? बसू दे."

शेवटी शेठ सुपारी कातरत बाहेर आले.

"पुढच्या सोमवारी ट्रक धाडतोय मी. गाठी तयार?"

"शेठ, कापनारी मानसं आली नायत यंदा."

"म्हणजे?"

"वाडीवरची. दरवर्साला येतात, यंदा..."

"मग आण दुसरी."

"तेच म्हनत व्हतो. तुमची येवढी ओळख हाय. कुनाला शबुद टाकला तर..."

शेठ हसले. वाईट नाही हसले, पण पदूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अरे, माझी ओळख घेणाऱ्यांशी. गवत कापणाऱ्यांशी तुझी. म्हणून तर तुला धरलं मी. ती पण नसली, तर तू आणलंस काय?"

तरी त्यांनी चिठ्ठी दिली. चौक गावाला एक ठेकेदार होता, रस्त्याच्या कामाला माणसं पुरवायचा. पदू चौकला गेला. ठेकेदार एका गॅरेजपुढे खाटेवर पडला होता. त्याने चिठ्ठी उलटी-सुलटी केली, "हेमचंद्र? कुठला हेमचंद्र?" असं दोनदा विचारलं. पदूने वहीतली आणखी चार नावं सांगितली. ठेकेदाराला एकही नाव ओळखीचं लागेना. शेवटी, पदू जवळपास पायाशी वाकल्यावर, तो म्हणाला, "आठ माणसं नेऊन बघ."

त्या आठ माणसांनी घण चालवले होते, विळा नव्हता. ती उभ्यानेच गवताचे शेंडे कापू लागली. बुडाला वीतभर खुंट तसेच राहायचे. कुसळं त्यांच्या कपड्यांतून आत शिरली. दुपारपर्यंत दोघांची बोटं कापली होती. एकाने पदूला विचारलं, "हे कोन कापतं रे रोज?" चाळीस घरांतली माणसं बांधावर येऊन बघत होती. कुणी हसलं नाही, आणि तेच पदूला सोसेना. दुसऱ्या दिवशी आठही जण परत गेले.

मग पदू, शकू आणि पदूची म्हातारी आई सोनुबाई, तिघांनी विळे घेतले.

उजाडताना दहिवर पडलेलं असायचं, गवत हाताला ओलं आणि गार लागायचं. उकिडवं बसायचं, डाव्या मुठीत झुबका धरायचा, विळा बुडाशी ओढायचा, पुढे सरकायचं. पदूने मुकादमी करताना अकरा वर्षं हे उभ्याने बघितलं होतं. पहिल्या दिवशीच्या दुपारी त्याचे गुडघे वाकेनात आणि वाकले तर सरळ होईनात. तळहाताला फोड आला, तो फुटला, त्यात गवताची धूळ गेली. शकू त्याच्यापेक्षा बरी कापत होती. सोनुबाई एका जागी बसून, हात पोचेल तेवढं अर्धं वर्तुळ कापायची आणि मग हाताच्या आधाराने ढुंगण पुढे सरकवायची. तीन दिवसांत तिघांनी मिळून कान्हाचा तुकडासुद्धा पुरा केला नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला बसले असताना सोनुबाई म्हणाली, "पदू, तू वर जा."

"मानसं मागाय जाऊ? या टायमाला?"

"मानसं मागाय नगं. बसाय जा. मेलेल्या मान्साच्या घरी उशिरा गेलं तर लाज वाटती. नायच गेलं तर जलमभर वाटती."

शकू विळ्याला लागलेलं गवत बोटाने काढत होती. ती खाली बघतच म्हणाली, "आवो, मी येते संगं."

"नगं," पदू म्हणाला. "मी जातो."

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीत गूळ आणि चहापूड घेतली. पांढरा सदरा घालायला हात गेला होता, तो ठेवून दिला. वाट चढायला दोन तास लागले. पाणवठ्यावर वाडीतल्या चार बाया हंडे घासत होत्या. पाच वर्षांचं मूलही त्याला ओळखायचं त्या वाडीत. बायांनी वर बघितलं आणि परत हंडे घासू लागल्या.

चांगो अंगणात कणगी विणत बसला होता. जवळ त्याचा धाकटा भाऊ वाघ्या बांबूच्या पट्ट्या तासत होता. चांगोने पदूला बघितलं, बाजूची घोंगडी झटकली आणि पुढे केली. पदू बसला. चांगोच्या डोक्यावरचे केस मागल्या वर्षीपेक्षा फार पांढरे झाले होते.

"चांगोदा," पदू म्हणाला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं कुठे गेलं कळेना. "वैनीचं वाईट झालं."

"व्हय."

"मला कळलं तवा लय दिस झालं व्हतं. भादव्यात कळलं. बाजारात. नायतर मी आलो नसतो व्हय? कोनी निरोपच दिला नाय मला."

वाघ्याचा कोयता थांबला. चांगो कणगीची पट्टी आत-बाहेर घालत होता, त्याचा हात थांबला नाही.

"वाघ्याला धाडला व्हता तुज्याकडं," तो म्हणाला.

"वैनी गेली म्हनून सांगाय?"

"नाय. तवा ती व्हती."

पदूने वाघ्याकडे बघितलं, आणि त्याला तो दिवस आठवला.

श्रावणातली दुपार. बाहेर पाऊस. शेठ जीप घेऊन आले होते, बरोबर मुंबईचे दोन तबेलेवाले. त्यांना माळ दाखवून आणला होता आणि पदू पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी, ओटीवर, खुर्चीत बसला होता. आत शकू भजी तळत होती. कुंपणापाशी डोक्यावर इरलं घेतलेला माणूस येऊन उभा राहिला, "पदूदादा" म्हणून हाक मारली. तबेलेवाल्यांनी माना वळवल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला लंगोटी. पदू उठला, सदरा भिजू नये म्हणून वळचणीच्या पुढे गेला नाही, तिथूनच हात केला. "गवताचं का? दिवाळीनंतर बघू. आता पावनं हायती. जा." वाघ्या तरी उभा राहिला. तेव्हा पदूने पुन्हा हात केला, गुराला करतात तसा.

"वाघ्या," पदू म्हणाला. "काय सांगाय आला व्हतास?"

वाघ्याने चांगोकडे बघितलं.

"सांग. आता सांग मला."

वाघ्याने कोयता बाजूला ठेवला. त्याला निरोप अजून पाठ होता. "दादा बोलला व्हता, पदूला सांग, वैनीला तीन दिस ताप हाय. पोटात पानी ठरत नाय. तुजी गाडी जुप. बैल तुजं दमाचं हायती, फिरून पुलावरनं नेऊ, कर्जतच्या दवाखान्यात घालू. असं सांग बोलला व्हता." तो थांबला. "आन् मी आलो तर तुज्या दारात जीप. मला वाटलं, बरं झालं. बैल जुपाय नगं. बिगीन पोचंल."

"मग बोलला का नायस रं?"

"तू जा बोललास."

अंगणात कोंबडी पायाने माती उकरत होती. पदू मान वर करीना.

"डोलीत घातली मंग," चांगो म्हणाला. तो पदूला ऐकवत नव्हता, नुसतं झालं ते सांगत होता. "चौघांनी उचलली. तुज्या घराच्या मागनं नेली. भज्यांचा वास येत व्हता. तिला बी आला. ती बोलली, पदूच्या घरी कायतरी हाय आज. पुडं नदीच्या अल्याडच जीव गेला."

"मागनं नेली? चांगोदा, मला हाक मारायची व्हतीस! मागच्या दारात हाक..."

"मोटी मानसं व्हती तुज्याकडं."

पदूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. फुटलेल्या फोडांवर दाढीचे खुंट टोचले.

चांगो म्हणाला, "जीप आली असती तर वाचली असती, असं मी म्हनत नाय. ताप डोस्क्यात गेला व्हता. कोनाला म्हाईत."

ही सूट पदूला घेता येईना. शिव्या दिल्या असत्या तर त्याने घेतल्या असत्या.

चांगोच्या लेकीने कोरा चहा आणला. तिची चालण्याची ढब आईसारखीच होती. पदूने कप घेतला. तो ठेवून देता येत नव्हता. त्याने तो सगळा प्यायला. गवताचा विषय त्याने काढलाच नाही. तरी तो कशाला आला असेल हे अंगणातल्या सगळ्यांनी धरलेलंच होतं. चांगोच म्हणाला, "यंदा आमी डोंगराच्या पल्याड जातो. तिकडचा मुकादम बाराव्याला येऊन बसला व्हता. त्याची आमची दोनच वर्सांची वळख. दिसभर बसला, काय बोलला नाय. त्याला शबुद दिलाय."

"बरं केलंस," पदू म्हणाला.

गुळाची पिशवी त्याने घोंगडीशेजारी ठेवली. उठून वळला तेव्हा त्याला वाटलं, हाक मारून परत देतील. कुणी हाक मारली नाही. पिशवी तिथेच राहिली, घेतली म्हणूनही नाही आणि नाकारली म्हणूनही नाही.

घरी सोनुबाई आणि शकू ओटीवर बसून विळ्यांना धार लावत होत्या. पदूने सगळं सांगितलं. सांगताना तो उभाच राहिला. सोनुबाईने पदर तोंडाला लावला. शकूने धार लावणं थांबवलं.

"मला दिसला व्हता तो," ती म्हणाली. "कुडाच्या फटीतनं. मला वाटलं, घरात बोलवून चार भज्या द्याव्या भिजलेल्याला. पन पावन्यांना कमी पडतील म्हनून गप राह्यले." तिचे हात मांडीवर पडले होते. "आन् तिला वास आला."

त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पदू गावातली चाळीस घरं फिरला. प्रत्येक ओटीपाशी उभा राहायचा आणि तेच बोलायचा. "यंदा माज्याच्यानं व्हत नाय. तुमचं गवत तुमी दुसऱ्याला द्या, नायतर घरच्या गुरांना घाला. माज्या भरवशावर नगा राहू." काहींनी का म्हणून विचारलं. त्याने माणसं आली नाहीत म्हणून सांगितलं नाही. "मीच घालवली," म्हणाला. दोन-तीन घरांनी तोंडावर दार लावलं. एका म्हातारीने तिचं गवत आता कोण कापणार म्हणून त्याला अंगणभर शिव्या घातल्या. त्या त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. कान्हा तेवढा म्हणाला, "बस. पानी पी." पदू बसला नाही. अजून सतरा घरं राहिली होती.

सोमवारी ट्रक आला, मागून शेठची जीप. तिघांनी कापलेल्या गवताच्या गाठी ट्रकच्या तळालाही पुरल्या नाहीत. शेठ जीपमधून उतरले नाहीत.

"हे काय रे?"

"येवढंच झालं, शेठ."

"मी तबेल्यांना काय तोंड दाखवू? तुला मी चार माणसांत नेलं, पदू. माझ्या शेजारी बसवलं." शेठचा आवाज चढला तशी पोरंटोरं, बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "लायकी नसताना बसवलं, ही माझी चूक. आता तुझं नाव मी कुणापुढे काढणार नाही. समजलास?"

"व्हय," पदू म्हणाला.

श्रावणात होती त्याच जागी, त्याच वळचणीपुढे जीप उभी होती. शेठ आणखी काय काय बोलले ते पदूने ऐकलं, पण त्याची नजर जीपच्या मागल्या बाकावर होती. एक माणूस आडवा मावेल एवढी जागा होती तिथे. जीप वळून गेल्यावरही तो चाकांच्या खुणांकडे बघत राहिला. शकूने दंडाला धरून त्याला आत नेलं.

चार दिवस तो घरात राहिला. पाचव्या दिवशी पहाट फुटल्यावर उठला, विळा घेतला, फडक्यात भाकर बांधली.

"कुटं?" शकूने विचारलं.

"डोंगरापल्याड. वाडीवरची मानसं जिथं कापतात तिथं."

"कशाला? परत बोलवाय?"

"नाय. कापाय."

"ते हाकलतील."

"हाकलू दे."

शकूने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग कोनाड्यातला आपला विळा काढला. सोनुबाई जागी होती. ती म्हणाली, "जावा. मी हाय घरी."

खिंड ओलांडून उतरलं की पलीकडचा माळ लागायचा. ऊन वर आलं तेव्हा ती दोघं तिथे पोचली. तीस माणसांची रांग उकिडवी बसून पुढे सरकत होती. विळ्यांचा एका लयीतला सर्र सर्र आवाज येत होता. मधोमध चांगो, त्याच्या डावीकडे वाघ्या. पदू आणि शकू रांगेच्या अगदी टोकाला, जिथे नव्या माणसांना बसवतात, तिथे जाऊन बसली. डाव्या मुठीत झुबका धरला. विळा ओढला. रांगेतल्या माना एकेक करून वळल्या आणि परत खाली गेल्या. ये असं कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

पदू मागे पडत होता. रांग पुढे गेली की तो आणि शकू दोघंच राहायची, मग धापा टाकत गाठायची. तळहाताचे जुने फोड पुन्हा फुटले. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरत होता, पण हात थांबवून पुसला तर आणखी मागे पडू, म्हणून त्याने पुसला नाही.

दुपार व्हायच्या सुमारास तिकडचा मुकादम फेरी मारत आला. साधा माणूस होता, पायात फाटक्या वहाणा. टोकाची दोन अनोळखी डोकी बघून तो थांबला.

"चांगो, हा कोन रं? आपल्यात नव्हता."

चांगोने वळून बघितलं. पदूचा हात विळ्यावर थबकला. अकरा वर्षांत त्याने चांगोकडून आपलं नाव किती वेळा ऐकलं होतं, हाक म्हणून, थट्टा म्हणून, दुसऱ्यांना ओळख करून देताना अभिमानाने. त्याने मान वर केली नाही.

"खालच्या गावचा हाय," चांगो म्हणाला. "गवत कापाय आलाय."

"बरं कापतो का?"

"बुडाशी कापतो."

मुकादम मान हलवून पुढे गेला. रांग पुन्हा सरकू लागली. शकूने हळूच पदूकडे बघितलं. त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, घामाचं की कसलं ते तिला कळलं नाही. त्याने मुठीतला झुबका घट्ट धरला, विळा जमिनीला टेकवला आणि ओढला.